खुर्ची मिळाली, पुढे काय?

(दृश्य: खोलीचा कोपरा. व्हीलचेअरवर घड्या घातलेले कपडे.)

ही व्हीलचेअर नवीकोरी आहे. वाटपाच्या दिवशी हिच्यासोबत सगळ्यांचे फोटो निघाले. आता तिच्यावर कपडे ठेवतात.

खुर्ची मोठ्या माणसाच्या मापाची, बसणारी मुलगी लहानखुरी. पावलं फुटरेस्टला टेकत नाहीत, अंग एका बाजूला कलंडतं. योग्य गादी नसेल तर एकाच जागी सतत दाब येतो. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला तो जाणवत नाही. थेट जखमच दिसते. ती चिघळली तर जिवावर बेतते.

दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा आपण घालत नाही. दुसऱ्याच्या मापाची खुर्ची मात्र आभार मानून घ्यायची, असा रिवाज आहे.

चष्म्याचं नाव उगाच घेतलं नाही. तोही सहायक साधनच. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात २५० कोटींहून अधिक लोकांना चष्मा, श्रवणयंत्र, व्हीलचेअर अशा किमान एका साधनाची गरज आहे. सुमारे १०० कोटी लोकांपर्यंत ते पोहोचतच नाही. काही श्रीमंत देशांत गरजूंपैकी ९० टक्क्यांना साधन मिळतं. काही गरीब देशांत हेच प्रमाण ३ टक्के.

आणि मिळणं म्हणजे तरी काय? जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये व्हीलचेअर देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांत तपासणी आहे, मापाप्रमाणे निवड आहे, बसवून पाहणं आणि वापरायला शिकवणं आहे. शेवटची पायरी देखभाल, दुरुस्ती आणि पाठपुराव्याची. वाटपाच्या मांडवात यातल्या किती पार पडतात, हे मोजायला एका हाताची बोटंही पुरून उरतील.

श्रवणयंत्राचं तेच. मूल वाढतं, कान वाढतो, कानात बसणारा यंत्राचा साचा सैल होऊन यंत्र शिट्टी मारू लागतं. नवा साचा कोण करून देणार?

(दृश्य: कीबोर्डवर फिरणारी बोटं. स्क्रीन रीडरचा आवाज.)

स्क्रीन रीडर म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर अंधांना वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. त्याचा हा आवाज फुकट मिळालेला आहे. बाजारातले स्क्रीन रीडर परवडत नव्हते, म्हणून ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये एनव्हीडीए हा स्वतःचा स्क्रीन रीडर लिहायला घेतला. जेम्स तेह हा त्याचा अंध मित्रही सोबत आला. प्रोग्रॅम मोफत, कोड खुला. म्हणून जगभरच्या स्वयंसेवकांनी तो आपापल्या भाषांत नेला. गरज असलेल्यांनीच साधन घडवलं की असं होतं. अर्थात, वेबसाइट बनवणाऱ्याने बटनाला नावच दिलं नसेल, तर बिचारा एनव्हीडीए तरी काय करणार? तो नुसतं ‘बटन’, ‘बटन’ म्हणत राहतो.

परवडेल अशा किमतीत चांगलं साधन मिळावं, यासाठी सरकारांनी पावलं उचलायची आहेत, असं संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे हा दानाचा विषय नाही. तरीही पैसा खरेदीवर खर्च होतो आणि दुरुस्तीच्या रकान्यात शून्य राहतं.

(दृश्य: दुरुस्तीचं टेबल. सुटी चाकं, पाने, मापाची टेप.)

इथे माप घेणारी बाई स्वतः व्हीलचेअरवर आहे. ती मुलीच्या कमरेची रुंदी मोजते. मग मांडीची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं अंतर. टेप गुंडाळता गुंडाळता विचारते, “घराचं दार किती रुंद आहे? आणि तुला जायचंय कुठे कुठे?”

मुलगी आधी आईकडे बघते. मग स्वतःच सांगायला लागते.