डबा तसाच परत येतोय

(पहाट. तासगाव तालुक्यातली द्राक्षबाग. बॅटरीच्या उजेडात एक शेतकरी पान उलटून बघतोय.)

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस रेंगाळला की तासगावच्या बागायतदाराला झोप नसते. पानावर तेलकट डाग दिसला की तो पान उलटतो, मागं पांढरी बुरशी धरलीय का बघतो. दावण्या हा बुरशीचा रोग हातची बाग घेऊन जातो, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

याच बागायतदाराचा मुलगा बारावीला आहे. सांगलीत विश्रामबागला क्लास, त्यासाठी पहाटेची एसटी. त्याचं नाव आम्ही सांगणार नाही.

(स्वयंपाकघर. ओट्यावर स्टीलचा डबा.)

आईला पहिल्यांदा जाणवलं ते डब्यावरून. भाकरी घडी घालून दिली तशीच परत. तिला वाटलं, बाहेर वडापाव खाल्ला असेल. आठवडा गेला, दुसरा गेला. मग तो आंघोळ टाळायला लागला. संध्याकाळी मैदानावर पळणारं पोरगं छातीवर मोबाईल ठेवून आढ्याकडं बघत पडायचं. मोबाईल बंदच असायचा.

"काय झालंय रं?"
"काय नाय."
पुन्हा विचारलं की अंगावर यायचा.

वडील म्हणाले, "वयच तसलं हाय."

वय तसलं असतंच. दार लावून बसणं, उलट बोलणं, हे घरोघरी चालतं. पण पोरगं दोन दिवस फुगून बसतं आणि तिसऱ्या दिवशी मित्राच्या हाकेला धावतं, तेव्हा काळजी नसते. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप, जेवण, मित्र, अभ्यास, सगळंच एकदम विस्कटलं असेल तर मात्र वयावर ढकलू नये. आणि नैराश्य म्हणजे रडणं, हा समज सोडून द्यायला हवा. या वयात ते बऱ्याचदा चिडचिड होऊन बाहेर येतं. पोट दुखतं, डोकं दुखतं, तपासण्या करून काही सापडत नाही. घरात आपण त्याला 'आळस' म्हणतो, 'नाटकं' म्हणतो. त्या एका शब्दानं पोरगं पुढचं बोलायचं थांबतं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, जगात १० ते १९ वयातल्या दर ७ मुलांमागं एकाला मानसिक आजार असतो. वर्गातल्या बाकांवर नजर टाका आणि मोजा.

काही खुणा दिसल्या तर मात्र दोन आठवडे थांबायचंच नाही. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातावर कापल्याचे वण, जिवापाड जपलेली वस्तू कुणाला तरी देऊन टाकणं, 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं बोलणं. अशा वेळी सरळ विचारावं, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं, याचाच आधार होतो. मग त्याला एकटं सोडायचं नाही, शेतातली औषधं कुलपात ठेवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

(सांगली. सिव्हिल हॉस्पिटलचं आवार. बाकावर वडील.)

समुपदेशक बोलतो, ऐकतो, गोळ्या देत नाही. गरज वाटली तर तोच मानसोपचार डॉक्टरांकडं पाठवतो. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून दाखवता येतं. तेवढं धाडस होत नसेल, तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ही सेवा चोवीस तास, मोफत चालते आणि मराठीत बोलता येतं. आई-वडिलांनीही फोन करावा. 'पोराशी कसं बोलू?' हा प्रश्नसुद्धा तिथं विचारता येतो.

वडिलांना सगळ्यात भीती होती ती गावाची. लोक वेडा म्हणतील. पहिल्या दिवशी त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं, खताच्या कामाला सांगलीला चाललोय. आत पोरगं पाऊण तास बोललं. बाहेर आलं, डोळे सुजलेले. वडिलांनी काही विचारलं नाही. कोपऱ्यावर दोघांनी भडंग खाल्लं आणि एसटी धरली.

आता तो दर आठवड्याला जातो. क्लास महिनाभर बंद ठेवलाय.

(पुन्हा ओटा. आई डबा उघडते.)

अजून अर्धी भाकरी परत येते.