भोंगा झाला की कुठं जायचं?

श्रोतेहो, नमस्कार.

कारखान्यात आग लागली, वायू सुटला, टाकी फुटली, तर पहिल्या पाच मिनिटांत कोणी काय करायचं, हे आधी ठरवून ठेवावं लागतं. कागदावर त्याला आपत्कालीन आराखडा म्हणतात. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायूनं हजारो माणसं गेली, आणि त्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक कारखान्याच्या मालकानं असा आराखडा करायचा आणि तो कामगारांना, शिवाय आजूबाजूच्या वस्तीलाही माहीत करून द्यायचा. वस्तीलाही, बरं का! मोठ्या रासायनिक कारखान्यांनी त्याची दर सहा महिन्यांनी तालीम घ्यायची, हेही नियमात आहे.

तालीम म्हणजे मॉक ड्रिल. त्याचीच गोष्ट सांगायचीय.

परभणी जिल्ह्यातलं एक जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. नाव सांगत नाही. दिवाळी नुकतीच झालेली, आवारात कापसाच्या गंज्या लागलेल्या, आत यंत्रं धडधडतायत, एकीकडं सरकी, एकीकडं रुई. कापूस कसा पेटतो ते आपल्याकडं कुणाला सांगायला नको. कापसातून एखादा खडा, एखादा खिळा यंत्रात गेला की ठिणगी. तुळयांवर बसलेलं तूस क्षणात भडकतं, आणि दाबलेल्या गाठीत विस्तव शिरला तर वरून पाणी मारा किती मारायचं तेवढं, आत तो दिवसेंदिवस धुमसतो.

तर तिथं आम्ही तालीम ठेवली. मॅनेजरनं नवीकोरी शिट्टी आणलेली. कुणालाही आधी सांगायचं नाही असं ठरलं. सकाळी साडेअकराला भोंगा दिला.

एक माणूस पळालं नाही!

बाया हात झटकत गंजीमागून आल्या, सावलीला बसल्या आणि फडकी सोडायला लागल्या. एक म्हातारी मला म्हणते, "या सायेब, भाकर खायला. आज लवकर सोडलं व्हय?" जेवणाच्या सुट्टीचा भोंगा तोच, आगीचा भोंगाही तोच. आराखड्यात लिहिलेलं, ‘भोंगा वाजताच सर्वांनी बाहेर पडावे’. तिच्या हिशेबानं ती बाहेर पडलीच होती की! आणि खरं सांगू, ठेचा उत्तम होता. हल्ली कँटीनमध्ये मिळतो तो ठेचा नव्हेच, नुसता हिरवा रंग. पण तो विषय वेगळा.

मग मॅनेजर ओरडला, "अहो आग लागलीय, आग!" आता पळापळ. जमायचं ठिकाण ठरलेलं, वजनकाट्याजवळचं लिंबाचं झाड. तिथं जायच्या वाटेवर कापसाच्या ट्रॉल्या एकामागं एक लागलेल्या. माणसं ट्रॉल्यांच्या मधून आडवी होऊन निघतायत. अग्निशमनचा बंब आला असता तर तो कुठून आत शिरला असता, देव जाणे.

शेवटी जमले सगळे झाडाखाली. मोजणी झाली. मस्टरवर बावन्न नावं, झाडाखाली एकोणसाठ माणसं. मॅनेजर खूश! म्हणाला, "साहेब, कमी कुणीच नाही, सात जास्तच आहेत." मुकादमाच्या टोळीतल्या बाया मस्टरवर नव्हत्याच. तेवढ्यात टोळीची मुकादमीण पुढं आली. तिच्याकडं ना कागद, ना पेन्सिल. तिनं नुसती नजर फिरवली आणि म्हणाली, "माझी एक दिसंना."

ती एक परत आत गेलेली होती. गंजीच्या मागं, शेडच्या दोन खांबांना लुगड्याची झोळी बांधलेली, झोळीत तिचं सहा-सात महिन्यांचं लेकरू. ती आली ती लेकराला छातीशी धरून, धापा टाकत, केसांत कापूस. लेकरू गाढ झोपेत. आमच्या आराखड्यात हायड्रंट होते, वाळूच्या बादल्या होत्या, दवाखान्याचा नंबर होता. झोळी नव्हती. "कामून गेलीस परत?" मॅनेजरनं विचारलं. तिनं उत्तरच दिलं नाही. काय देणार?

दुसऱ्या दिवसापासून आगीचा भोंगा तुटक तुटक झाला, जेवणाचा एकच लांब. पुन्हा सांगतो, तुटक म्हणजे आग, लांब म्हणजे जेवण. मुकादमीण रोज सकाळी आपली माणसं मोजून आकडा गेटवर सांगायला लागली. ट्रॉल्या एका बाजूला, झोळ्या गेटजवळच्या खोलीत. तीसपेक्षा जास्त बाया कामाला असल्या तर पाळणाघर द्यायचं, हे कारखाना कायद्यात कधीपासूनच होतं. पण चार मार्चच्या सुरक्षा दिनाला शाल-श्रीफळावर जेवढा खर्च होतो, तेवढ्यात एक खोली सारवून निघते, हे कुणाला सांगायची सोय नाही.

आता बाकीचं भराभरा. लातूरकडं सोयाबीनचं तेल काढायला हेक्झेन नावाचं पातळ रसायन वापरतात. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटत नाल्यात, खड्ड्यात साचते. ठिणगी लांब पडली तरी पेटते. बर्फाच्या कारखान्यात अमोनिया असतो. तो सुटला तर वारा कुठून येतोय ते बघा आणि वाऱ्याला आडवे बाहेर पडा, वारा जातो त्या दिशेनं पळू नका. म्हणून खांबावर ते कापडी नळकांडं फडफडत असतं. जमायची ठिकाणंही दोन हवीत. वारा फिरला की एक बाद होतं.

आणि मळीची टाकी, सांडपाण्याची टाकी, गोबरगॅसचा खड्डा: आत एक जण कोसळला तर दुसऱ्यानं उडी मारायची नाही. पुन्हा सांगतो, उडी मारायची नाही. आत श्वास घेण्याजोगी हवाच नसते, वाचवायला गेलेलाही तिथंच पडतो. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. बाहेरून हवेची नळी असलेला मुखवटा आणि कमरेला दोर असेल तरच आत. आपल्याकडं भाऊ भावामागं उडी घेतो, त्यामुळं हे सांगायला जड जातं.

मदतीला आगीसाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८, काहीच सुचलं नाही तर ११२. फोन करणारं माणूस आधीच ठरवा, रात्रपाळीचंही ठरवा. ‘आमच्या जिनिंगात आग लागलीय’ असं सांगू नका, गावात पाच जिनिंगं असतात. रस्ता सांगा, जवळची खूण सांगा, काय पेटलंय ते सांगा, आणि एक जण फाट्यावर उभा करा. बंब चुकून पुढच्या गावी गेलेला मी पाहिलाय. नमस्कार.