झाडाच्या पेशीतला ब्रेक

नमस्कार श्रोतेहो. खिडकीत ठेवलेली कुंडी तुम्ही बघितली असेलच, आठ-दहा दिवसांत अख्खं रोप काचेकडे वाकतं, मग आपण कुंडी फिरवून ठेवतो आणि थोड्याच दिवसांत ते परत आपलं काचेकडेच. लहानपणी मला वाटायचं उजेड त्याला ओढून घेतो. ओढाबिढायचं काही नसतं तिथे. उजेड असतो त्याच्या पलीकडच्या, म्हणजे सावलीतल्या बाजूच्या पेशी जास्त लांब होतात, आता एक बाजू लांब आणि एक आखूड म्हटल्यावर खोड वाकणारच ना. पण त्या सावलीतल्या पेशींना लांब व्हा म्हणून सांगतं कोण, आणि सांगितलेलं त्यांना कळतं कसं, आज त्यावर बोलायचंय, आणि खरं सांगते, मला या विषयाचं भयंकर प्रेम आहे त्यामुळे कुठेकुठे जरा जास्त रमले तर सांभाळून घ्या.

चार्ल्स डार्विन, उत्क्रांतीवाले तेच, त्यांनी आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस याने १८८० साली गवताच्या कोवळ्या कोंबांवरचे प्रयोग छापले. कोंबाच्या टोकावर उजेड आत जाणार नाही अशी टोपी घातली की कोंब वाकायचा नाही. टोक उघडं ठेवून खालचा भाग झाकला तर मात्र वाकायचा. गंमत बघा, उजेड कळतो टोकाला आणि वाकतो खालचा भाग, म्हणजे वरून खाली काहीतरी निरोप जातोय. १९१३ साली डेन्मार्कच्या बॉयसन येन्सन यांनी टोक कापून मध्ये जिलेटिनचा तुकडा ठेवला तर निरोप पोचला, अभ्रकाचा पातळ तुकडा आडवा घातला तर अडला. मग १९२० च्या दशकात नेदरलँड्सच्या फ्रिट्स वेंटने ओटच्या कोंबांची टोकं कापून अगार जेलीवर ठेवली, थोड्या वेळाने टोकं बाजूला काढली आणि नुसत्या जेलीचा तुकडा टोक नसलेल्या कोंबावर एका कडेला ठेवला, अंधारात, आणि कोंब दुसऱ्या बाजूला वाकला! उजेड नाही, टोक नाही, तरी वाकला, कारण निरोप जेलीत उतरला होता. त्या निरोपाचं नाव ऑक्सिन, झाडातलं एक हार्मोन, आणि उजेड एका बाजूने आला की ते सावलीतल्या बाजूला जास्त जातं.

पण निरोप पेशीपर्यंत पोचला म्हणजे काम झालं असं नाही. पुढची जवळजवळ ऐंशी वर्षं ऑक्सिन पेशीत जाऊन करतं काय हे नीट कळलेलं नव्हतं. आपल्याला सहज वाटतं की हार्मोन आलं आणि त्याने वाढीचं बटण दाबलं. प्रत्यक्षात जे सापडलं ते ऐकून मी तरी थक्क झाले होते.

पेशीच्या केंद्रकात वाढीच्या जीन्स चालू करणारी प्रोटीन्स आधीपासूनच डीएनएवर बसलेली असतात, तयारीत. फक्त त्यांच्या अंगावर दुसरी प्रोटीन्स बसून त्यांना दाबून ठेवतात, हा ब्रेक. म्हणजे पेशी वाढायला कायम तयार आणि ब्रेक कायम लागलेला. ऑक्सिन येतं आणि ब्रेक काढायची व्यवस्था करतं. कशी, तर टीआयआर-वन नावाचं एक प्रोटीन असतं, तेच ऑक्सिनचा रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप धरून घेणारं प्रोटीन, हे २००५ साली दोन वेगवेगळ्या टीम्सनी एकाच वेळी दाखवलं. त्याच्यात एक खोबण असते, ऑक्सिन त्या खोबणीत तळाशी जाऊन बसतं आणि वर जी जागा तयार होते तिथे ब्रेकवालं प्रोटीन घट्ट चिकटतं. ऑक्सिन नसेल तर दोघं एकमेकांना धड धरत नाहीत. म्हणजे इवलासा रेणू दोन मोठ्या प्रोटीन्सच्या मधला गोंद होतो, आणि एकदा ब्रेक तिथे चिकटला की त्याच्यावर युबिक्विटिन नावाचं शेपूट लावलं जातं, ते शेपूट म्हणजे पेशीतली 'हे मोडीत काढा' अशी खूण, मग प्रोटिआसोम म्हणून एक यंत्र असतं ते त्या ब्रेकचे तुकडे तुकडे करतं, आणि खाली दबून बसलेलं प्रोटीन मोकळं होतं, जीन्स चालू.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे जीन्स चालू झाल्या की त्यात ब्रेक बनवणाऱ्या जीन्सही असतात! ब्रेक मोडला की लगेच नवीन ब्रेक बनायला सुरुवात. ऑक्सिन येत राहिलं तर तेही मोडले जातात, ऑक्सिन थांबलं की नवे ब्रेक जाऊन बसतात आणि वाढ मंदावते. सतत बनवायचं आणि सतत मोडायचं, वरवर केवढा अपव्यय वाटतो, पण झाडाला जागा सोडून कुठे जाता येत नाही, ऊन, सावली, वारा जे येईल त्याला तिथेच उभं राहून तोंड द्यायचं, मग इतकं झटपट चालू-बंद होणारं काहीतरी हवंच ना. माझं तरी असं मत आहे.

आता पेशी लांब होते म्हणजे काय होतं. झाडाच्या पेशीला बाहेरून कडक भिंत असते आणि आत पाण्याचा दाब असतो, मोटारच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त असू शकतो तो. वाढायचं तर ही भिंत सैल व्हायला पाहिजे. ऑक्सिनमुळे पेशीच्या पडद्यातले पंप प्रोटॉन बाहेर फेकायला लागतात, भिंत आम्लधर्मी होते, आणि त्या आंबटपणात एक्स्पान्सिन नावाची प्रोटीन्स कामाला लागतात, ती भिंतीतल्या धाग्यांची एकमेकांवरची पकड ढिली करतात. बाकी सगळं पाण्याचा दाब करतो, भिंत ताणली जाते, पेशी लांबते. ऑक्सिन मिळाल्यावर साधारण १० मिनिटांत कोंब लांबायला लागलेला मोजता येतो. १० मिनिटं! आपल्याला वाटतं झाड नुसतं उभं आहे.

बरं, ब्रेकची ही युक्ती फक्त ऑक्सिनची असती तर मी एवढं लावून धरलं नसतं. दुसरं हार्मोन जिबरेलिन, त्याची गोष्ट भाताच्या रोगातून सुरू होते. जपानमध्ये भाताची काही रोपं उगाच उंच, बारीक, फिकट व्हायची आणि शेवटी कोलमडायची, लोक त्याला बाकानाए म्हणायचे म्हणजे वेडं रोप. १९२६ साली एइइची कुरोसावा यांनी दाखवलं की या रोगाची बुरशी ज्या पाण्यात वाढवली ते पाणी गाळून, बुरशी अजिबात नसताना, निरोगी रोपांना दिलं तरी ती तशीच उंच होतात. बुरशी जे सोडत होती ते जिबरेलिन, आणि पुढे कळलं की झाडं स्वतःही ते बनवतात, फक्त बेताने.

याचाही रिसेप्टर २००५ मध्येच सापडला, भातातच. त्याची रचना डब्यासारखी, जिबरेलिन आत बसलं की झाकण मिटतं, आणि मिटलेल्या झाकणावर ब्रेक येऊन चिकटतो. या ब्रेकला डेला म्हणतात, त्यातल्या पाच अमिनो आम्लांच्या अक्षरांवरून ते नाव पडलं. चिकटला की पुढे तेच, शेपूट, प्रोटिआसोम, तुकडे.

आणि आता हे ऐका. गव्हाला भरपूर खत दिलं की जुनी उंच जात ओंबीच्या वजनाने लोळायची, पीक हातचं जायचं. शेतीशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी ज्या बुटक्या जाती तयार केल्या, ज्यासाठी त्यांना १९७० चं शांततेचं नोबेल मिळालं, त्यांच्यातला बुटकेपणा नोरिन-टेन या जपानी गव्हातून आला होता. तो नेमका कशामुळे हे १९९९ साली कळलं, त्या गव्हातल्या डेला ब्रेकचा रिसेप्टर जिथे धरतो तोच भाग गेलेला! जिबरेलिन आहे, रिसेप्टर आहे, झाकणही मिटतं, पण ब्रेक हाताला लागतच नाही, मग तो मोडला जात नाही आणि खोड आखूड, भक्कम राहतं. हरितक्रांतीतल्या शेतांमध्ये उभा असलेला गहू म्हणजे न निघणारा ब्रेक घेऊन उभा होता, आणि ज्यांनी तो निवडला त्यांना हे काहीच माहीत नव्हतं, त्यांनी फक्त उंची बघितली होती. मला हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

तिसरं हार्मोन इथिलीन, त्याचं थोडक्यात सांगते, कारण ते वायू आहे आणि त्याचा हिशोब उलटा आहे. त्याचा रिसेप्टर रिकामा असताना चालू असतो आणि इथिलीन बसलं की बंद होतो, म्हणजे रिसेप्टरच स्वतः ब्रेक लावून बसलेला. फळ पिकणं, पान गळणं ही त्याची कामं.

आता कुणी विचारेल की ऑक्सिन एकच, मग त्यानेच खोड लांबतं, त्यानेच मूळ फुटतं, आणि मुळाची लांबी मात्र जास्त ऑक्सिनने खुंटते, हे कसं. अरॅबिडॉप्सिस नावाचं एक छोटं रोप आहे, प्रयोगशाळांमधलं लाडकं, त्यात ऑक्सिनच्या ब्रेकवाल्या प्रोटीन्सच्या २९ जीन्स आहेत आणि ज्यांना दाबायचं त्यांच्या २३. कुठल्या पेशीत यातली कुठली जोडी आहे त्यावर त्याच निरोपाचा अर्थ बदलतो. टू-फोर-डी हे तणनाशक माहीत असेल, ते ऑक्सिनच्याच खोबणीत बसतं पण झाडाला ते पटकन संपवता येत नाही, मग रुंद पानाच्या तणात ब्रेक लागायचं नावच नाही आणि ते वेडंवाकडं वाढून मरतं.

जाताजाता एक सांगते, फांदी तोडून लावताना लक्ष द्या. ऑक्सिन शेंड्याकडून खाली पेशीपेशीतून जातं, कारण ते बाहेर सोडणारी पिन नावाची प्रोटीन्स पेशीच्या खालच्या अंगाला बसलेली असतात. फांदी कापली की खाली जायला वाटच उरत नाही, ऑक्सिन कापलेल्या टोकाशी साठतं आणि तिथेच मुळं फुटतात. अगदी काडी उलटी टांगून ठेवली, मूळचं खालचं टोक वर करून, तरी विलो नावाच्या झाडाच्या काडीला मुळं फुटतात ती त्या मूळच्या खालच्याच टोकाला. त्या पेशींना खाली कुठे ते आधीच ठरलेलं असतं, आपण काडी कशीही धरली तरी.