साडी दिली, ब्लाऊजचं काय?

मंडळी, लक्ष्मी रोडवरून चालत आला असाल तर दुकानांबाहेरचे फलक पाहिले असतीलच. मे महिन्याचा दुसरा रविवार जवळ आला की आईसाठी साड्यांवर सूट, आणि निरनिराळ्या लिप्यांत ‘आई’ छापलेले टी-शर्ट. हा रविवार अमेरिकेत १९१४ साली राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी मातृदिन म्हणून जाहीर केला. आपला मातृदिन श्रावणातला, पिठोरी अमावास्येचा. त्या दिवशी आई वाण डोक्यावर धरून ‘अतीत कोण?’ म्हणते आणि मागं उभं राहिलेलं लेकरू ‘मी’ म्हणत ते घेतं. म्हणजे तिच्या दिवशीही देणारी तीच! जगभरात आईला कोणती वस्त्रं देतात, हा आजचा विषय. पण आधी ब्लाऊजबद्दल बोलू द्या.

माझ्या धाकट्या भावानं पहिल्या पगारातून आईला इरकल घेतली. तिचे डोळे भरून आले. मग फॉल आणायला तुळशीबाग तिनंच गाठली, पिकोला तीच गेली, मॅचिंग परकर तिनंच शोधला. लग्नसराई होती. शिंपी ‘उद्या या’ म्हणत राहिला. घरातलं लग्न उरकलं, त्यात आई जुनीच साडी नेसली, आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगत राहिली, ‘अगं, नवी जपून ठेवलीय.’ मला आजही याचा राग येतो. शिंप्याचा नाही हो, त्याला दहा गिऱ्हाइकं. आपण आईला भेट देतो आणि भेटीबरोबर चार हेलपाटेही देतो, त्याचा!

हात वर करा पाहू, आईच्या ब्लाऊजचं माप किती जणांना ठाऊक आहे? पुढच्या रांगेत एकच हात. काका, तुमचं शिवणकामाचं दुकान आहे का? (हशा) नाही? मग तुम्हाला मनापासून नमस्कार.

दहा मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा जग भराभर फिरू. कोरियात पहिल्या पगारातून आईवडिलांना थंडीत आतून घालायचे लाल गरम कपडे घेण्याची जुनी पद्धत. मिरवायचं काही नाही, नुसती ऊब. आसामात बोहाग बिहूला घरच्या मागावर विणलेला गमछा, बिहुवान म्हणून थोरामोठ्यांना देतात. केरळात ओणमला ओणक्कोडी, म्हणजे नवी वस्त्रं, आणि ती त्याच सणाला अंगावर चढतात. माझा मुद्दा एवढाच आहे: ज्या दिवशी दिलं त्या दिवशी तिला घालता आलं पाहिजे.

टी-शर्टला माझा विरोध नाही. आई घालत असेल तर जरूर घ्या, सुती घ्या, तिच्या मापाचा घ्या. साडीच घ्यायची असेल तर फॉल-पिको करून द्या. तिला नीट बसणारा एखादा ब्लाऊज मापासाठी मागून घ्या आणि शिंप्याकडे तुम्ही जा. त्यासाठी रविवारची वाट पाहू नका, मे महिन्यात शिंपी आयत्या वेळी कापड हातातसुद्धा घेत नाहीत.