जाम: नागावच्या वाळूतली एक गाडी

(पहिला अर्धा मिनिट निवेदन नाही. लाटांचा आवाज, मग पान्याचा.)

नागावचा किनारा, रविवारची दुपार आणि ही लाल एटीव्ही, म्हणजे जाड टायरची चार चाकी वाळूवरची गाडी. मागे वाळूत जे दोन खोल पट्टे दिसतायत ना, ते ब्रेकचे नाहीत. चालत्या गाडीत इंजिन जाम झालं, गाडी गिअरमध्ये होती, त्यामुळे मागची दोन्ही चाकं अडकली आणि गाडी तशीच घसरत गेली. चालवणारा मुलगा पुढे पडला, मनगट सुजलं, एक्सरेत काही निघालं नाही. गाडी टेम्पोत टाकून गॅरेजला आणली.

मालकाचं म्हणणं एकच, पर्यटकाने रेस पिळली, इंजिन जाम केलं, खर्च त्याच्याकडूनच घ्यायचा.

मिस्त्री यावर काही बोलले नाहीत. हे बघा, आधी न्यूट्रल करून गाडी ढकलतायत. गेली. म्हणजे ब्रेक, चेन, मागचा एक्सल सगळे निर्दोष सुटले, घोटाळा इंजिनातच आहे. सेल्फ मारला की नुसतं टक्क.

बरीच गॅरेजं इथे थेट हेड खोलायला घेतात, नाहीतर "नवीन इंजिनच टाका" सांगून मोकळी होतात. मिस्त्री आधी स्पार्क प्लग काढतात, कारण गाडी समुद्राकाठची, लाटेत घातली की हवा आत घेणाऱ्या एअर बॉक्समधून पाणी सिलिंडरमध्ये शिरतं, आणि पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येता येता तिथेच अडकतो आणि आपल्याला वाटतं इंजिन गेलं. तसं असतं तर प्लगच्या भोकातून पिचकारी उडाली असती. उडाली नाही. पण प्लगवरचा हा काळा तेलकट थर बघून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मॅग्नेटच्या बाजूचं झाकण उघडून क्रॅंकच्या, म्हणजे पिस्टनला वर-खाली हलवणाऱ्या दांड्याच्या, नटाला पाना. हातानेच, नळी घालून नाही. अर्धा फेरा फिरतो आणि अडतो, उलटा फिरवला तरी परत तिथेच. गरम असताना हा एवढाही फिरला नसता. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तो ज्या नळीत सरकतो ती स्लीव्ह बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, आणि ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. दोघांमधली फट केसाच्या जाडीपेक्षाही कमी, ती संपली की पिस्टन धरतो. गार झाल्यावर थोडा सुटतो, आणि म्हणूनच लोक फसतात, "चालू झाली की!" म्हणत परत किनाऱ्यावर नेतात. मग दुसऱ्यांदा जे होतं त्यात पिस्टन आणि क्रॅंक जोडणारा कनेक्टिंग रॉडसुद्धा वाचेलच असं नाही.

ऑइल काढलं. लिटरभराच्या वर असायला हवं, भांड्यात पडलं ते दोन कप चहापेक्षा थोडं जास्त. दुधाळ नाही, म्हणजे पाणी मिसळलेलं नाही. काळंकुट्ट आहे, आणि उन्हात भांडं तिरकं केल्यावर आत जी चमचम दिसते ती धातूची.

खाली थेंबभरही गळती नाही. मग बाकीचं ऑइल गेलं कुठे? जळलं. प्लगवरचा तो थर तिथूनच आला.

(इथे संगीत नको.)

ब्लॉक, म्हणजे सिलिंडरचा भाग, निघताना आमच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती. रात्रभर डिझेल सोडून ठेवलं आणि सकाळी लाकडी हातोडीने हळूहळू उतरवला, एवढंच सांगतो. पण हा पिस्टन नीट बघा. नुसत्या अतिउष्णतेने धरला असता तर ओरखडे बहुतेक एक्झॉस्टच्या बाजूला असते. इथे सगळीकडून आहेत, वर राखाडी, मळकट, पॉलिश पेपरने घासल्यासारखं. पिस्टनभोवतीची रिंग काढून बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीत, सरळ बसवली तर तिच्या दोन टोकांतली फट फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) न लावता डोळ्यांना दिसते. रॉड वर-खाली ओढून बघितला, खेळ नाही, क्रॅंक वाचला.

आणि आता माझा आवडता शॉट. मिस्त्री कार्बोरेटर सोडवून इनलेटच्या पाइपात बोट फिरवतात, बाहेर काढतात, अंगठ्यावर चोळतात. कर्रकर्र ऐकू येतं. वाळू.

एअर फिल्टरचा फोम सुकलेला, एका कडेला फाटलेला. तो साबणाच्या पाण्यात धुवायचा, पूर्ण वाळवायचा, मग फिल्टर ऑइल लावून पिळायचा, धूळ त्या चिकट ऑइललाच धरते. इथे तो पेट्रोलने धुवून तसाच कोरडा बसवत होते, त्याने सांध्याचा डिंक सुटतो. वाळू आत गेली, रिंगा झिजल्या, ऑइल वर चढून जळत राहिलं, पातळी उतरली, कोणी डिपस्टिक बघितली नाही. त्यात हवेवर थंड होणारं इंजिन, भुसभुशीत वाळू, पाठीवर दोघंजण, वेग कमी आणि रेस फुल, वारा लागणार कुठून? हे काही त्या रविवारचं दुखणं नव्हतं. त्या पोराच्या जागी कोणीही असता तरी गाडी बसलीच असती.

ब्लॉक लेथवर गेला, ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज, म्हणजे तेवढा मोठा, पिस्टन बसला, भरपाईचा विषय मालकाने परत काढला नाही.

शेवटचा शॉट दुसऱ्या दिवशीचा. गाडी घ्यायला आलेला मालक शेजारी उभ्या निळ्या गाडीचा फिल्टर बॉक्स उघडून मिस्त्रींना दाखवतोय. आत फिल्टरच नाही.