विद्यापीठाचा शेजार आणि पडद्याआडचा घरमालक

मंडळी, सुरुवात एका जुन्या शिक्षेपासून करतो. साल १२०९, गाव ऑक्सफर्ड. एका विद्यार्थ्याच्या हातून एका बाईचा जीव गेला आणि तो पळाला. तो सापडेना, तेव्हा गावाने त्याच्या सोबत भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना धरलं आणि राजाच्या संमतीने फासावर चढवलं. त्यांचा अपराध एवढाच की ते त्याच छपराखाली राहत होते. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हेच, फक्त इथे माणसं मेली. शिक्षक आणि विद्यार्थी गाव सोडून निघाले. त्यातले काही केंब्रिजला जाऊन राहिले आणि तिथलं विद्यापीठ त्यांच्यापासून सुरू झालं.

पाच वर्षांनी, १२१४ साली, पोपच्या प्रतिनिधीने तडजोड घडवून आणली. तिच्यातली मुख्य अटच भाड्याची होती. विद्यार्थ्यांना दिलेल्या घरांचं भाडं पुढची दहा वर्षं निम्मं. त्यानंतरची दहा वर्षं पूर्वी ठरलं होतं तेवढंच. ज्या घरांचं भाडं आधी ठरलेलं नव्हतं, त्यांचं चार शिक्षक आणि चार नागरिक एकत्र बसून ठरवणार.

मला हा निवाडा फार बोलका वाटतो. खुनाचं प्रकरण होतं, आणि मिटलं ते घरभाड्यावर! निवाडा करणाऱ्याला कळलं होतं की या रागाची मुळं घरांत आहेत. पॅरिसमध्येही तेच दिसतं. १२३१ साली पोप नववा ग्रेगरी याने तिथल्या विद्यापीठाला एक विलक्षण हक्क दिला: घरांचं भाडं वाजवी ठरवून मिळालं नाही, तर शिकवणं बंद ठेवा. आठशे वर्षांपूर्वी भांडणाच्या बैठकीत घरमालक समोर बसलेला असायचा. आज तो त्या खोलीत नसतो. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, बाकीचं सगळं त्याचा पसारा.

विद्यापीठाजवळच्या कुठल्याही जुन्या वस्तीत जा. कायमचे रहिवासी सांगतील: रात्री दोनला आरडाओरड, कचऱ्याच्या पिशव्या चुकीच्या दिवशी बाहेर, गाडी लावायला जागा नाही, आणि शेजारी कोण राहतं ते दर वर्षी नव्याने समजून घ्यायचं. विद्यार्थी सांगतील: भिंतींना ओल, खिडकी बंद होत नाही, भाडं अवाच्या सवा, जाताना डिपॉझिट अडकवून ठेवतात. दोन्ही यादी शेजारी शेजारी ठेवून वाचा. कचऱ्याला पुरेसा डबा का नाही? एका कुटुंबाच्या घरात सहा जण का? खिडकी का लागत नाही? उत्तर एकाच पत्त्यावर जातं, आणि तो पत्ता त्या वस्तीतला नसतो. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ.

आता एक घर जरा जवळून बघू. एका कुटुंबासाठी बांधलेलं, उंच छताचं, पुढे मोठी बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर. कुटुंबाने भाड्याने घेतलं तर भाडं एका किंवा दोन पगारांतून येणार. तेच घर पाच विद्यार्थ्यांना दिलं तर पाच घरांतून पैसे येणार, प्रत्येक खोलीमागे वेगळे. मग घराची किंमत ठरते ती खोल्यांच्या बेरजेवर. पुढच्या वेळी शेजारचं घर विकायला निघालं की कुटुंबाला ते परवडत नाही. खोल्या पाडून भाड्याने देणाऱ्यालाच परवडतं. यात कुणी दुष्ट असायची गरज नाही. गल्ली पालटायला एवढा हिशेब पुरतो.

मग खोल्या पाडणं सुरू होतं. बैठकीच्या खोलीत मधोमध पार्टिशन येतं, ते नेमकं खिडकीच्या मध्यावर आदळतं, आणि अर्धी खिडकी एकाची, अर्धी दुसऱ्याची होते. वरच्या मजल्यावर नवीन न्हाणीघर निघतं. त्याचे पाइप न्यायचे कुठून? लाकडी तुळयांना खाचा पाडून. तुळईची ताकद तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. चौथाई उंची खाचेत गेली, तर त्या जागी ताकद निम्म्याच्या थोडी वर उरते. आणि वर नेमकी पाण्याने भरलेली टाकी! खालच्या खोलीतल्या मुलाला फक्त छताला गेलेला तडा दिसतो. तो वर एक चित्र चिकटवतो आणि परीक्षेच्या अभ्यासाला लागतो.

भिंतींची गोष्ट याहून गंमतीची, म्हणजे वाईट अर्थाने. जुन्या विटांच्या भिंती बहुधा चुन्यात बांधलेल्या असतात. चुना मऊ आणि सच्छिद्र. भिंतीत शिरलेली ओल दरजांमधून बाहेर पडते, वीट वाचते. दरजा झिजल्या की पुन्हा चुन्यानेच भरायच्या, हा नियम. पण चुन्याला वेळ लागतो. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत आठवड्यांनी, महिन्यांनी घट्ट होतो, तोवर त्याला ऊन-वाऱ्यापासून जपावं लागतं, ओलसर ठेवावं लागतं, आणि ते जाणणारा गवंडी हवा. इकडे एक भाडेकरार संपतो आणि दुसरा सुरू होतो, त्यात सापडतात फार तर पंधरा दिवस. मग येतं सिमेंट. दरजा चोख, भिंत नवी दिसते, फोटो छान येतो. सिमेंट कडक आणि दाट. ओलीला तिथून वाट मिळत नाही, ती विटेतून निघू लागते, क्षार विटेच्या पृष्ठभागापाशी साठतात आणि काही वर्षांनी विटांचे पापुद्रे सुटू लागतात. तोवर घरात कितीतरी विद्यार्थी येऊन गेलेले असतात. नासधूस केली म्हणून नाव मात्र त्यांचंच येतं, खरं तर जुनी वास्तू शैक्षणिक वेळापत्रकाने खाल्लेली असते. अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये तर शहरातले बहुतेक भाडेकरार एकाच दिवशी, १ सप्टेंबरला, बदलतात. फुटपाथवर गाद्या, टेबलं, खुर्च्यांचे ढीग लागतात, लोक हवं ते उचलून नेतात. ऑल्स्टन भागात या दिवसाला गमतीने ‘ऑल्स्टन ख्रिसमस’ म्हणतात. एका दिवसात घर रिकामं, घासलेलं, भरलेलं. दुरुस्तीला जागा कुठाय?

तुम्ही म्हणाल, वारसा जपण्याचे कायदे आहेत की. आहेत. इंग्लंडमध्ये १९६७च्या कायद्याने एकेकट्या इमारतीऐवजी सबंध वस्तीला संरक्षण देण्याची सोय झाली, आणि ते मोठंच पाऊल होतं. पण अशा वस्तीतलं साधं घर, जे स्वतंत्रपणे वारसा यादीत नाही, त्याचं जपलं जातं ते मुख्यतः बाहेरचं रूप. आतल्या पार्टिशनला, खाच पाडलेल्या तुळईला कुणी विचारत नाही. म्हणून सायंकाळी फेरफटका मारणाऱ्याला वस्ती अगदी जशीच्या तशी वाटते.

याच्या उलट एक जागा सांगतो, आणि तिथे थोडा रेंगाळतो. इटलीतलं बोलोन्या. युरोपातलं सर्वांत जुनं विद्यापीठ तिथलं. परंपरेने त्याचं साल १०८८ धरतात. शहरात माणसं वाढली, त्यात विद्यार्थी आणि शिक्षकही आले, आणि जागा पुरेना. लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढायला सुरुवात केली; आधी नुसते टेकू दिलेले, मग ओझं वाढलं तसे खाली खांब. खाली रस्त्याच्या कडेने छप्पर असलेली वाट तयार झाली, तिला तिथे पोर्तिको म्हणतात. इतर शहरांनी अशी अतिक्रमणं पाडली. बोलोन्याने १२८८ साली उलटा हुकूम काढला: नव्या प्रत्येक घराला पोर्तिको असलाच पाहिजे. उंची किमान सात बोलोन्यी फूट, म्हणजे सुमारे २.६६ मीटर, घोड्यावरच्या माणसाला खालून जाता यावं म्हणून. आणि खरी मेख पुढे आहे. जमीन घरमालकाची, वरची खोली घरमालकाची, तिचं भाडंही त्याचंच. पण खालून चालण्याचा हक्क सगळ्यांचा, आणि ती वाट सुस्थितीत ठेवण्याचा खर्च मालकाचा. वाढीव खोली हवी ना? घे. तिच्या बदल्यात गावाला सावली दे आणि फरशी दुरुस्त ठेव.

आज त्या शहरात पोर्तिकोंची एकूण लांबी ६२ किलोमीटर भरते. २०२१ साली युनेस्कोने त्यांतल्या निवडक भागांना जागतिक वारसा ठरवलं. स्त्रादा माज्जोरे या रस्त्यावरच्या कासा इझोलानी नावाच्या घराचे ओक लाकडाचे उंच खांब मध्ययुगातले आहेत, अजून उभे आहेत. विद्यार्थ्यांची गर्दी झाली म्हणून काही ते शहर मोडलं नाही. गर्दीतून ज्याला फायदा झाला, त्याच्यावर कामही टाकलं गेलं, म्हणून ते टिकलं असं मी म्हणतो. कुणी म्हणेल, बोलोन्यात आजही विद्यार्थ्यांना खोली मिळवताना नाकी नऊ येतात. बरोबर आहे. पोर्तिकोने भाडं कमी होत नाही.

आता आपल्या काळातले नियम बघा. न्यूयॉर्क राज्यात स्टोनी ब्रूक विद्यापीठाजवळ बेल टेअर नावाचं चिमुकलं गाव आहे, त्या वेळी जेमतेम दोनशेवीस घरांचं. गावाने नियम केला: एका घरात रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तक नात्याची कितीही माणसं राहोत, पण नातं नसलेली दोनच. सहा विद्यार्थ्यांनी मिळून एक घर घेतलं आणि प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७४ साली सात विरुद्ध दोन मतांनी गाव जिंकलं. म्हणजे दहा चुलतभाऊ दहा गाड्या घेऊन राहिले तरी चालेल, तीन मैत्रिणी सायकलवरून आल्या तर बेकायदा. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांचं म्हणणं मला पटतं: गर्दी, वाहनं, आवाज यांची काळजी असेल तर राहणाऱ्यांच्या संख्येवर बंधन घाला, त्यांचं एकमेकांशी नातं काय ते विचारू नका.

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत गोष्ट आणखी पुढे गेली. रहिवाशांच्या एका संघटनेने पर्यावरण कायद्याचा आधार घेतला, आणि २०२१ साली न्यायालयाने विद्यापीठाची विद्यार्थीसंख्याच गोठवण्याचा आदेश दिला. मार्च २०२२मध्ये, हजारो मुलांचे प्रवेश टांगणीला लागलेले असताना, विधिमंडळाने घाईघाईने कायदा बदलून तो आदेश निष्प्रभ केला. पुढे विद्यार्थ्यांच्या संभाव्य गोंगाटाला प्रदूषण मानायचं का, यावरही खटला चालला, आणि २०२३ साली त्यासाठीही कायदा करावा लागला. रहिवाशांचा त्रास खोटा होता असं मी म्हणत नाही. विद्यापीठाने विद्यार्थी वाढवत न्यायचे आणि त्यांच्या राहण्याची सोय गावावर सोडायची, हा उद्योग अनेक ठिकाणी चालतो, आणि त्यावर चिडणं रास्तच आहे. पण माणसालाच प्रदूषण ठरवणारा युक्तिवाद जिंकला, तर उद्या तो कुणाच्या दारात उभा राहील सांगता येत नाही.

ज्या ऑक्सफर्डपासून सुरुवात केली, तिथे दोन नियम एकत्र चालतात. नातं नसलेल्यांची सामाईक घरं किती असावीत याला मर्यादा आहे. असं सामाईक घर करण्यासाठी अर्ज केलेल्या घराच्या दोन्ही बाजूंना शंभर मीटरमध्ये अशा इमारती वीस टक्क्यांहून जास्त होऊ नयेत. हा झाला संख्येचा नियम, थोडा बोथट. दुसरा मला जास्त आवडतो. २०११पासून टप्प्याटप्प्याने त्या शहराने अशा प्रत्येक घराला परवाना सक्तीचा केला. परवाना घ्यायचा तो मालकाने. आग लागल्यास बाहेर पडायची वाट आहे का, स्वयंपाकघर इतक्या जणांना पुरतं का, कचऱ्याची सोय आहे का, याची तपासणी होते आणि उत्तर मालकाला द्यावं लागतं. इतक्या शतकांनी तो पुन्हा टेबलाशी येऊन बसला! पैशाच्या बाबतीत मात्र अजून गोंधळ आहे. इंग्लंडमध्ये घरात सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर त्या घरावर नगरपालिकेचा घरकर लागत नाही. सवलत विद्यार्थ्यांसाठी, आणि ती योग्य आहे. पण भाडं ठरवताना ती मालकाच्या खिशात किती जाते, हे कोण मोजतं?

आणि कधी कधी मालक म्हणजे शिक्षणसंस्थाच असते. पोर्तुगालमधल्या कुइंब्राला १९४०च्या दशकात सरकारने विद्यापीठाच्या नव्या इमारतींसाठी वरच्या गावातली जुनी वस्ती मोठ्या प्रमाणात पाडली आणि तिथल्या लोकांना दुसरीकडे हलवलं. शिकागोतलं रॉबी हाऊस थोडक्यात बचावलं. वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांनी आराखडा केलेलं, १९१०च्या सुमारास पुरं झालेलं हे घर शिकागो विद्यापीठाला लागूनच आहे. १९५७ साली ते ज्या धर्मशास्त्र विद्यालयाच्या मालकीचं होतं, त्याने ते पाडून विद्यार्थ्यांचं वसतिगृह बांधायचं ठरवलं. नव्वदीला आलेले राइट स्वतः तिथे आले. पण मला त्यातलं जास्त लक्षात राहतं ते दुसरंच. शेजारच्या दोन विद्यार्थी मंडळांनी सांगितलं, आमच्या इमारती घ्या, तिथे वसतिगृह बांधा, हे घर राहू द्या. जी मुलं चार वर्षांत निघून जाणार होती, ती असं म्हणाली! ‘ही काय आज आहेत, उद्या नाहीत, त्यांना वस्तीचं काय’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट ऐकवतो.

आता कामाचं. अशा वस्तीत रहिवाशांची समिती असेल तर तिने दोन मागण्या कराव्यात असं मला वाटतं. भाड्याने दिलेल्या प्रत्येक घराच्या मालकाचं नाव आणि संपर्क नगरपालिकेकडे उघड नोंदलेला असावा, म्हणजे तक्रार रात्री दोन वाजता शेजारच्या मुलाच्या दारावर न आपटता योग्य माणसाकडे जाईल. ही मागणी सोपी आहे. दुसरी अवघड: काही वर्षांतून एकदा दोन करारांच्या मध्ये जुनं घर दोन-तीन महिने रिकामं ठेवण्याची अट असावी, चुना घट्ट होईल आणि तुळया उघडून पाहता येतील एवढा वेळ. त्या महिन्यांचं भाडं कुणी सोसायचं, हा प्रश्न लगेच येतो. माझ्या मते ते घरमालकाने सोसावं. सभागृहात कुणी घरमालक असतील तर त्यांना ते मान्य नसणार, याची मला कल्पना आहे. ध्वनिक्षेपक आता त्यांच्याकडे द्यावा.