चाक फिरतंय तोवर पातळ नाही

श्रोतेहो, नमस्कार.

संध्याकाळी शहर दाखवायला निघालेली बस आणि त्याच बसमध्ये जेवण, असा बेत आता आपल्या किनाऱ्यावरही मागितला जातो. घाटावरून पाहुणे येतात, हातात एकच संध्याकाळ असते. रत्नागिरीत थिबा राजवाडा बघायचाय, सूर्यास्त बघायचाय, पतितपावन मंदिर करायचंय, रत्नदुर्ग किल्ल्यावर भगवतीचं दर्शन घ्यायचंय, आणि सहा वाजले की भूक लागते. मग कुणीतरी म्हणतं, बसमध्येच वाढा की! वाढता येतं. फक्त एक वाक्य आधी पाठ करा, पुढच्या दहा-बारा मिनिटांत ते पुन्हा येणार आहे: चाक फिरतंय तोवर पातळ नाही. चाक फिरताना कोरडं, चाक थांबल्यावर पातळ.

का, ते ग्लास हातात घेऊन बघा. ७ सेंटिमीटर तोंडाचा आपला नेहमीचा ग्लास. ड्रायव्हरने जरा जोरात ब्रेक मारला की आतलं पाणी पुढच्या कडेला साधारण १ सेंटिमीटर चढतं, आणि हिंदकळून परत येताना त्याहून वर जातं. म्हणून थांब्यावर भरतानाही काठाखाली अडीच सेंटिमीटर जागा रिकामी हवी. पसरट वाटीत हेच पाणी जास्त चढतं. १२ सेंटिमीटरच्या वाटीत जवळजवळ २ सेंटिमीटर. तेव्हा बसमध्ये आमटीची पसरट वाटी नाही, उभा ग्लास. अरुंद आणि खोल. पुन्हा सांगतो, भांडं अरुंद आणि खोल.

आता जागा. मागच्या चाकांच्याही मागे ज्या सीटा असतात, त्या खड्ड्यात सगळ्यात जास्त उडतात. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधला भाग सगळ्यात शांत. आजी-आजोबा, पोरंटोरं आणि ज्यांना गाडी लागते ती मंडळी तिथे बसवा. जेवणाचे डबेही तिथेच, खाली जमिनीवर, पट्टा लावून. काही हौशी लोकांना बसमध्ये टेबलं लावायची असतात. डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारचा दाखला देतात. गाडी १ जून १९३० पासून धावतेय, तिच्या टेबलावरचं ऑम्लेट बरोबरच आहे. पण रेल्वेची वळणं लांबलचक असतात आणि रुळावर रिक्षा आडवी येत नाही. आपल्याकडे मांडीवर कडा असलेला ट्रे, ट्रेमध्ये ओलं करून पिळलेलं सुती फडकं, आणि त्यावर सुपारीच्या पानाची खोलगट ताटली. फडकं ओलसर असलं की ताटली घसरत नाही. थर्माकोलच्या ताटल्यांवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे, आणि बंदी नसती तरी त्या उघड्या खिडकीतून उडून जातातच.

उजेडाचं एक सांगायला हवं, कारण ते हमखास विसरतं. अंधार पडल्यावर बसमधले दिवे लावले की खिडकीच्या काचेत आपलंच तोंड दिसतं, शहर दिसत नाही. पुढच्या काचेत ड्रायव्हरलाही मागचे दिवे आणि हलणारे हात दिसतात, ते तर धोक्याचंच. म्हणून जेवण थांब्यावर. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, मेअखेरीस सातला. थिबा पॉइंटवर काजळी नदीची खाडी समुद्राला मिळताना दिसते. सूर्यास्त झाला की तिथे २० ते २५ मिनिटं बस उभी ठेवायची, दिवे लावायचे आणि निवांत वाढायचं. दिवे बंद झाले की मगच चाक फिरवायचं.

आणि आता ती सोलकढीची गोष्ट. टूर चालवणाऱ्यांच्या गप्पांत ती फिरते, मला ती फार आवडते, आणि आजचं निम्मं भाषण तीच खाणार आहे.

हिवाळ्याचे दिवस. पाहुणे ३५, मुक्काम रत्नागिरीजवळच्या पावसला. जेवण करून देणाऱ्या काकू तिथल्याच. वडे, काळ्या वाटाण्याचं घट्ट सांबारं, तळलेली सुरमई आणि सोलकढी. माणशी २०० मिलिलिटर म्हणजे ७ लिटर, वर एक लिटर जास्तीचं, असं ८ लिटरचं मोजमाप. मध्यम नारळाचं दाट-पातळ मिळून अर्धा लिटर दूध निघतं, म्हणून १६ नारळ. काकूंनी लसूण-मिरची वाटून लावलेलं दूध बाटल्यांत भरून दिलं आणि आगळाची, म्हणजे खारवलेल्या कोकमाच्या रसाची, बाटली वेगळी दिली. बजावून सांगितलं, दोन्ही एकत्र करायचं ते थांब्यावर.

बसवरच्या पोऱ्याला वाटलं, एवढ्या बाटल्या कशाला सांभाळायच्या! त्याने दुधाचा एक मोठा स्टीलचा कॅन घेतला, १५ लिटरचा. त्यात सगळं दूध ओतलं, वर आगळ ओतलं, ढवळलं, आणि कॅन बर्फाच्या टबात ठेवून टब मागच्या शेवटच्या सीटसमोर नेऊन बसवला. कॅन निम्मा रिकामा. रंग असा सुंदर आला होता म्हणतात, की त्याने फोटो काढला.

चार वाजता बस निघाली. पावसहून गोळपमार्गे भाट्याच्या पुलाकडे यायचं म्हणजे वीसेक किलोमीटर, सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, वळणं आणि मग उतार. शहरात आल्यावर थिबा राजवाडा, तिथून थिबा पॉइंट. वडे, सांबारं, सुरमई तिथे झाली, सगळे खूश. सोलकढी मात्र गाइडने राखून ठेवली. का, तर किल्ल्यावर चांदण्यात प्यायला मजा येईल! मग मांडवीचा किनारा, मग रत्नदुर्गाचा चढ. दूध आणि आगळ एकत्र झाल्याला तोवर तीन तास उलटले होते.

पायथ्याशी कॅनचं झाकण उघडलं. वर पांढरे दाणे तरंगताहेत आणि खाली फिकट गुलाबी पाणी. एका पाहुणीने डोकावून विचारलं, "ह्यात पनीर घातलंय का हो?" (कोकणात येऊन पनीर विचारणाऱ्यांवर मी कधीतरी स्वतंत्र बोलेन. समोर समुद्र आहे, मागे माड आहेत, आणि लोकांना पनीर हवं असतं!)

गाइडने पहिला दोष दिला तो ड्रायव्हरला. "काका, जरा हळू घेतली असतीत तर! सगळी कढी नासवलीत."

ड्रायव्हर उतरले, मागे आले. एक दाणा चिमटीत घेतला आणि अंगठ्याने चोळला. दाणा विरघळला, बोटं तुपकट झाली. म्हणाले, "नासली नाहीये. लोणी आलंय. तुम्ही अर्धा कॅन रिकामा ठेवलात, मी तीन तास घुसळला."

गाइडने काकूंना फोन लावला. पलीकडून आधी शांतता आणि मग, "अरे मेल्या, नारळाचं दूध आहे ते! बाटल्या गळ्यापर्यंत भरून दिल्या होत्या ना मी?"

"हो काकू."

"मग मोकळ्या कशाला केल्यास? बर्फात ठेवलास ना कॅन? आगळ पण घातलंस ना आधीच?"

"हो काकू."

"तिन्ही चुका केल्यास. आता गाळ. चहाची गाळणी असेल बघ डब्यात. वरचं फेकू नको, वाटीत काढून बर्फात ठेव आणि उद्या सकाळी मला आणून दे, घावन्याला लावीन. खालच्या पाण्यात चव बघून आगळ घाल, मीठ घालू नको, आगळात असतं. सॅलडावरची कोथिंबीर चिरून टाक. आणि बिननारळाची फुटी कढी म्हणून वाढ!"

गाळली, कोथिंबीर टाकली, वाढली. घाटावरच्या मंडळींनी दुसऱ्यांदा मागून घेतली. पनीरवाल्या बाईंनी तर पाककृती लिहून घेतली. ड्रायव्हरांनी मात्र कढीला हात लावला नाही. म्हणाले, "माझ्यावर आळ आलाय, मी चहा घेतो."

काकूंनी ज्या तीन चुका काढल्या, त्या नीट ऐका, कारण बसमध्ये सोलकढी याच तीन कारणांनी फुटते. पहिली, रिकामी जागा. भांड्यात हवा असली की द्रव हलतो, काठोकाठ भरलेल्या बाटलीत तो हलूच शकत नाही. दुसरी, गारवा. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजायला लागतं. दुधातल्या स्निग्धांशाचंही तेच. अर्धवट थिजलेला स्निग्धांश हलवला की कणाला कण चिकटतो आणि दाणे पडतात. बर्फ टाळता येत नाही, कारण नारळाचं दूध उघड्यावर लवकर आंबतं. थंड पदार्थ ५ अंशांखालीच हवा. म्हणून मग हलणं टाळायचं, म्हणजेच बाटली गळ्यापर्यंत भरायची. तिसरी, आंबटपणा. आगळ पडलं की दुधातलं प्रथिन स्निग्धांशाला धरून ठेवत नाही. थोडा वेळ तग धरतं, तीन तास धरत नाही.

तेव्हा रीत अशी. लिटरच्या बाटल्या, गळ्यापर्यंत भरलेल्या, बर्फात उभ्या, चाकांच्या मधल्या भागात. आगळ वेगळं. बस थांबली की पातेल्यात दूध ओतायचं, लिटरला चार ते पाच टेबलचमचे आगळ घालायचं, डावाने हलक्या हाताने ढवळायचं आणि दहा मिनिटांत वाढून मोकळं व्हायचं. चव घेतल्याशिवाय मीठ घालू नका. रंग आगळाचाच येऊ दे. तो जांभळट-गुलाबी असतो. बाजारात काही ठिकाणी मिळते ती भडक गुलाबी सोलकढी बघितली की मला तर आइसक्रीमच्या गाडीची आठवण होते. चाक फिरतंय तोवर पातळ नाही, ते यासाठी.

वेळ कमी राहिला, बाकीचं भराभर सांगतो.

वडे माणशी तीन, म्हणजे १०५, वर दहा. तळल्यावर लगेच डब्यात कोंबले की वाफेने वातड होतात. पाच-सात मिनिटं टोपलीत पसरून वाफ जाऊ द्या, मग कॅसरोलमध्ये, झाकणाखाली सुती फडकं. उकडीच्या मोदकांनाही तेच फडकं. झाकणावर साचलेलं पाणी थेंबाथेंबाने मोदकावर पडलं तर पारी चिकट होते, आणि मोदक गार झाला तर पारी कडक होते. म्हणून मोदक बस सुटायच्या वेळी चाळणीतून काढा आणि दोन तासांत संपवा. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर राहिला पाहिजे. हाताला चटका बसतो इतपत गरम असू दे.

मासा हवाच, पण कुठला? बसमधल्या अंधुक उजेडात, मांडीवरच्या ताटलीत बांगडा, पेडवे, तारली नकोत. बारीक काटा घशात गेला तर बसमध्ये धड खोकायलाही जागा नसते. सुरमईची मधल्या भागाची तुकडी, मधला एकच काटा आधी काढून टाकलेली, किंवा सोललेली कोळंबी. तळलेला मासा वाढताना एसी आतलीच हवा फिरवत असेल तर वास रात्रभर सीटच्या कापडात बसतो. दार आणि खिडक्या उघडा. थांब्यावर वाढायचं त्याचं हेही एक कारण.

बसमध्ये गॅस पेटवायचा नाही. शेगडी नाही, स्टोव्ह नाही, काही नाही. विजेची शेगडी लावू म्हणाल, तर बसची बॅटरी २४ व्होल्टची. हजार वॉटची शेगडी ४० अँपिअरहून जास्त ओढते, आणि इंजिन बंद असताना बराच वेळ चालली तर बस चालू व्हायची पंचाईत होऊ शकते. अन्न घरूनच गरम न्या आणि गरम ठेवा.

बस फिरत असताना द्यायचं ते कोरडं आणि एका घासाचं. भाजके काजू, आंब्याची वडी, फणसपोळीचे तुकडे, आणि आलेपाक तर जवळ हवाच. वळणावर मान खाली घालून ताटलीत बघितलं की ज्यांना गाडी लागते त्यांना ती हमखास लागते. आरे-वारेच्या बाजूने गणपतीपुळ्याला जाणारी टूर असेल तर त्या चढ-उतारात काजूसुद्धा देऊ नका, समुद्र बघू दे लोकांना. आणि स्पीकरवरची गाणीही तेवढा वेळ बंद ठेवा. सूर्यास्ताला रिमिक्स लागत नाही.

हात धुवायला नळ बसवलेला २० लिटरचा कॅन दाराच्या पायरीशी, खाली बादली. दर चार सीटांमागे एक कागदी पिशवी, आणि काटे-साली यांच्यासाठी झाकणाचा एक वेगळा डबा.

शेवटचं काम पोऱ्याचं. ड्रायव्हरने किल्ली फिरवायच्या आधी ग्लास मोजून घ्यायचे. ३५ दिले तर ३५ परत आले पाहिजेत. एखादा सीटखाली घरंगळला तर मांडवीच्या उतारावर तो पुढे पुढे जातो आणि थेट ब्रेकच्या पेडलखाली अडकतो. ३४ भरले तर बस हलवू नका. टॉर्च घ्या आणि वाका.

नमस्कार.